काळजी करणे आणि काळजी घेणे



मी गणिताचा मास्तर. एकतीस वर्षे खेड्यातल्या शाळांत फळ्यापुढे उभा राहिलो आणि निवृत्त झाल्यावर मुलाकडे पिंपळे सौदागरला राहायला आलो. आता मनाच्या विषयावर बोलायला गणिताचा मास्तर कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. मी त्या शास्त्रातला पंडित नव्हे. पण चिंता ही गोष्ट मी जवळून पाहिली आहे. पूर्वी वर्गातल्या मुलांच्या तोंडावर पाहत होतो, आता आमच्या इमारतीखालच्या बाकावर पाहतो. त्या निमित्ताने थोडे वाचले, जाणत्यांना विचारले, आणि त्यातले जे मला पटले ते आज तुमच्यापुढे ठेवणार आहे.

आमचे पिंपळे सौदागर पवनेच्या काठी आहे. नदीच्या पलीकडे पिंपरी. पिंपळे नावाची गावे इथे तीन, गुरव, निळख आणि सौदागर. मूळचे हे शेतीचे गाव. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला, पुढे १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि मग भोसरीपासून चाकणपर्यंत कारखान्यांची रांगच लागली. पश्चिमेला हिंजवडीत संगणकाच्या कंपन्या आल्या. माणसांना राहायला जागा हवी, म्हणून शेतांच्या जागी इमारती उठल्या. सकाळी कोकणे चौकात उभे राहिले तर कंपन्यांच्या बसगाड्या एकामागून एक जाताना दिसतात. आत बसलेली माणसे कोण? कोणी लातूरकडचा, कोणी जळगावचा, कोणी वाशीमचा, कोणी माणदेशातला. श्रोतेहो, ही तुमचीच मुले आहेत बरं का. तुम्ही फोनवर ‘जेवलास का’ म्हणून विचारता, तो ‘हो’ म्हणतो, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ भिंतीकडे पाहत बसतो. हे तुम्हांला दिसत नाही, मला दिसते. म्हणून बोलावेसे वाटले.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मला पहाटे पाचला उठून खाली फिरायची सवय. सलग चार-पाच दिवस एक तरुण बाकावर बसलेला दिसला. फिरायला आलेला म्हणावा तर पायांत घरातल्या चपला. एके दिवशी मीच शेजारी जाऊन बसलो. चाकणला एका कारखान्यात काम करतो म्हणाला. वरच्या जागेसाठी साहेबांपुढे उभे राहून अर्धा तास माहिती सांगायची होती, सगळी इंग्रजीतून. त्याला महिना-सव्वा महिना अवकाश होता. पण झोप आताच उडाली होती.

मी विचारले, “अरे, पण रात्री पडल्या पडल्या मनात येतं तरी काय?”

तो म्हणाला, “काका, एकच वाक्य येतं. मला हे जमलंच पाहिजे. नाही जमलं तर मी कशाच्याच लायकीचा नाही.”

मी मास्तर पडलो, त्यामुळे वाक्य ऐकले की आधी त्याची फोड करतो. हे एक वाक्य नव्हते, दोन होती. पहिल्यात हुकूम आहे आणि दुसऱ्यात शिवी. या दोहोंचाच आज विचार करू.

त्याआधी चिंतेविषयी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. चिंता ही सगळीच वाईट नाही. खळ्यात धान्य पडले आहे, पश्चिमेला ढग काळे झाले आहेत, तर शेतकऱ्याच्या पोटात कालवते. त्याने कालवायलाच हवे. त्या कालवण्यामुळेच तो उठतो, ताडपत्री आणतो, कडेला दगड ठेवतो. हे चिंतेचे काम आहे, आणि ते तिने चांगले केले. पण ताडपत्री घातली, दोर आवळले, आता करण्यासारखे काही उरले नाही, तरीही माणूस पहाटेपर्यंत आभाळाकडे बघत बसला, आणि दुसऱ्या रात्री ढग नसतानाही बसला, तर ती चिंता धान्य राखत नाही, माणसाला खाते.

शरीराचे म्हणाल तर ते बिचारे आज्ञाधारक असते. मनाने ‘संकट’ म्हटले की छाती धडधडू लागते, श्वास जलद होतो, तळहात ओले, घसा कोरडा, पोटात गोळा. समोर वाघ असेल तर पळायला ही सगळी तयारी उपयोगी. आपल्या समोर वाघ नसतो. परीक्षेचा कागद असतो, बँकेचे पत्र असते, साहेबांची खोली असते. पण शरीराला तो फरक कळत नाही. आज हे भाषण वाचायला ध्वनिक्षेपकापुढे बसलो तेव्हा माझेही हात गार पडले होते. वयाची सत्तरी गाठली तरी हे चुकत नाही, आणि चुकू नये असा माझा हट्टही नाही.

हट्ट हा शब्द आला ते बरे झाले. आपल्या भाषेत ‘च’ हे एक लहानसे अक्षर आहे. एरवी फार गोड. ‘तूच माझा आधार’ यातला ‘च’ काढून पाहा, वाक्याचा जीव जाईल. पण हाच ‘च’ इच्छेला जाऊन चिकटला की तिचा हुकूम होतो. ‘मला पास व्हायचे आहे’ ही इच्छा झाली. ‘मी पास झालेच पाहिजे’ हा हुकूम झाला. इच्छा अपुरी राहिली तर वाईट वाटते, चार दिवस जेवण गोड लागत नाही, मग माणूस दुसरी खटपट करतो. हुकूम मोडला तर मात्र गुन्हा होतो, आणि गुन्हा म्हटला की शिक्षा आली. परीक्षेच्या आधीच ज्याच्या मनात शिक्षेची तयारी सुरू झाली, त्याला झोप कशी लागावी?

हा विचार माझा नव्हे. अमेरिकेत अल्बर्ट एलिस नावाचे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. जन्म १९१३, मृत्यू २००७. तरुणपणी हे गृहस्थ फार भिडस्त होते. मुलींशी बोलायचे म्हटले की त्यांची बोबडी वळे. एकोणीस वर्षांचे असताना त्यांनी एक नेम केला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या वनस्पती-उद्यानात महिनाभर जायचे, आणि बाकावर एखादी स्त्री एकटी बसलेली दिसली की त्याच बाकावर बसून तिच्याशी बोलायला सुरुवात करायची. काही जणी उठून गेल्या. शंभर जणींशी बोलणे झाले. त्यांतल्या एकीने पुन्हा भेटायचे कबूल केले, आणि ती काही आली नाही. मास्तरांच्या हिशेबाने शंभरांपैकी शून्य गुण. पण या शून्यानेच भीती घालवली, असे एलिस पुढे सांगत. कोणी आरडाओरडा केला नाही, कोणी पोलिसांना बोलावले नाही, आभाळ जागच्या जागी राहिले. ‘होकार मिळालाच पाहिजे’ हा हुकूम मोडला, आणि मोडूनही माणूस शाबूत राहिला. आपल्याकडे अनोळखी बायांशी असे बोलायला जाऊ नये हे मी वेगळे सांगत नाही. घेण्यासारखी गोष्ट निराळी आहे.

१९५५ साली एलिस यांनी आपली उपचारपद्धती मांडली. आपल्याला त्रास होतो तो केवळ घडलेल्या गोष्टीने होत नाही, त्या गोष्टीविषयी आपण मनाशी जे बोलतो त्याने तो वाढतो, हे तिचे सूत्र. सूत्र तसे जुने आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या साम्राज्यात गुलाम म्हणून वाढलेला एपिक्टेटस हेच सांगत होता, आणि एलिस यांनी त्याचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. मुंबईचे किशोर फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार केला आणि ही विवेकनिष्ठ पद्धत आपल्याकडे रुजवली. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली मानसिक आरोग्याची संस्था काढली, तिच्या कामातही या विचाराला मोठे स्थान आहे. अंजली जोशी यांनी तर एलिस यांच्यावर मराठीत कादंबरीच लिहिली. तेव्हा हा काही केवळ परदेशी माल नाही. मराठीतून तो मिळतो, आणि ‘च’ असलेल्या भाषेत तो जास्तच चांगला समजतो, असे आपले माझे मत.

आता दुसरे वाक्य. ‘मी कशाच्याच लायकीचा नाही.’

श्रोतेहो, एक करून पाहा. तुमच्या शेजाऱ्याचा मुलगा परीक्षेत नापास होऊन तुमच्या ओट्यावर येऊन बसला. तुम्ही त्याला काय म्हणाल? ‘तू नालायक आहेस, तुझं तोंड काळं कर’ असे म्हणाल का? कधीच नाही. पाणी द्याल. ‘बस जरा’ म्हणाल. ‘होतं असं, मीही एकदा नापास झालो होतो’ म्हणाल. मग थोड्या वेळाने ‘कुठं चुकलं ते बघू’ म्हणाल. म्हणजे काय बोलावे हे आपल्याला उत्तम ठाऊक आहे. तरी हेच बोलणे चुकलेल्या स्वतःशी बोलायची वेळ आली की आपण जमादार होतो.

अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात क्रिस्टिन नेफ नावाच्या बाई आहेत. त्यांनी २००३ साली याच गोष्टीचे शास्त्रीय माप तयार केले. स्वतःविषयीच्या या मायेचे त्यांनी तीन पदर सांगितले. पहिला, स्वतःशी कठोर न होता ममतेने वागणे. दुसरा, चुकणे आणि दुःखात असणे हे सर्वांच्याच वाट्याला येते, आपण एकटे नव्हे, हे ओळखणे. आणि तिसरा, दुःख दडपायचे नाही आणि त्याचा डोंगरही करायचा नाही, आहे तेवढे पाहायचे. या विचारामागे बौद्ध परंपरा आहे हे त्या स्वतःच सांगतात. बौद्ध साधनेत मैत्रीभावना करायची ती आधी स्वतःपासून सुरू करण्याची रीत आहे. आणि आपल्या घरचे उदाहरण घ्या. समर्थांनी मनाला दोनशे पाच श्लोक ऐकवले. उपदेश कडक आहे, चुकांवर पांघरूण कुठेही नाही. पण आरंभी मनाला हाक मारली आहे ती सज्जन म्हणून! ज्याला सुधारायचे त्याला आधी भला माणूस मानायचे, ही पद्धत आमच्या शाळांत का टिकली नाही कोण जाणे.

दुसऱ्या पदराविषयी एक सांगतो. आमच्याकडे रात्री दोन वाजता गच्चीवर गेले तर समोरच्या इमारतींत किती दिवे जळत असतात! कोणी परदेशातल्या कामासाठी जागा असतो, कोणाचे मूल आजारी असते, हे खरे. पण काही दिवे नुसते न लागणाऱ्या झोपेचे असतात. प्रत्येक दार बंद, आणि प्रत्येक दारामागच्या माणसाला वाटते की जागा फक्त मीच. खेड्यात एकाच्या घरचे दुःख चार घरांना कळते, त्याचा जाचही होतो. पण दुःख आपल्या एकट्याचे नाही एवढे तरी कळते. शहरात गेलेल्या मुलाचे ते हरवले.

इथे माझे शिक्षक-बंधू हमखास म्हणतील, “गुरुजी, हे सगळं ठीक आहे. पण असं गोंजारत बसलो तर पोरं अभ्यास करतील का? धाक हवाच.”

या शंकेचे उत्तर मी पुस्तकातून देऊ शकतो, पण आधी माझी स्वतःची गोष्ट सांगतो. माझ्या वर्गात एक मुलगा होता. घरी गणिते बरोबर करून आणायचा, फळ्यापाशी उभा केला की थिजायचा. खडू हातात, तोंडातून शब्द नाही. मला वाटायचे, वह्या दुसऱ्याच्या उतरवतो. मी त्याला वर्गापुढे ‘ढ’ म्हणालो. एकदा नव्हे, वर्षभर म्हणत होतो. वर्ग हसायचा, मीही हसायचो. नववीनंतर तो शाळेत आला नाही. त्याच्या घरची कारणे होती, ती मला ठाऊक आहेत. पण माझे हसणे त्या कारणांत नव्हते असे मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी वाचनात आले की उभ्या उभ्या हिशेब करताना मन ज्या पाटीवर आकडे धरून ठेवते ती पाटी फार लहान असते. भीतीने तिच्यावर आधीच लिहून ठेवले, ‘चुकलास तर हसतील, चुकलास तर हसतील’, तर आकड्यांना जागा उरत नाही. तो मुलगा ढ नव्हता. त्याची पाटी मी भरून टाकत होतो.

ही गोष्ट कळली त्या रात्री मी स्वतःला खूप बोललो. पण दोन दिवस बोलल्यावर लक्षात आले की मी तोच उद्योग पुन्हा करतो आहे. फक्त फळ्यापाशी आता मी उभा आहे. मग ठरवले की जे झाले ते माझ्या हातून झाले हे कबूल करायचे, त्याला फाटे फोडायचे नाहीत, आणि उरलेल्या नोकरीत कोणत्याही मुलाला फळ्यापाशी एकटे उभे करायचे नाही. जोडीने बोलावू लागलो. एक सांगेल, दुसरा लिहील. एवढाच बदल. स्वतःविषयीची माया म्हणजे चुकीला माफीचा कागद फाडून देणे नव्हे, हे मला तेव्हा समजले. उलट, जो स्वतःला झोडपत असतो त्याला आपली चूक नीट पाहवत नाही. तो तरी खाली मान घालतो, नाहीतर दुसऱ्यावर ढकलतो.

आता पुस्तकातले उत्तर. २०१२ साली कॅलिफोर्नियात ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन या दोघींनी विद्यार्थ्यांवर काही प्रयोग केले. एका प्रयोगात मुलांना शब्दांची अवघड चाचणी दिली, तीत सगळ्यांची दाणादाण उडाली. मग काही मुलांना सांगितले की ही चाचणी पुष्कळांना जड जाते, तेव्हा स्वतःवर फार कठोर होऊ नका. इतरांना हे सांगितले नाही. नंतर दुसऱ्या चाचणीआधी, हवा तेवढा वेळ अभ्यास करा म्हणून मोकळीक दिली. ज्यांना मायेचा शब्द सांगितला होता, त्यांनी जास्त वेळ अभ्यास केला. गोंजारल्याने पोरे आळशी होतात, हा आपला जुना सिद्धान्त तिथे तरी टिकला नाही.

त्याच वर्षी स्कॉटलंडमधले मॅकबेथ आणि गमली या दोघांनी चौदा निरनिराळ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. स्वतःविषयी ज्यांच्या मनात माया जास्त, त्यांच्यात चिंता, उदासी आणि ताण कमी, असा चांगला ठळक संबंध त्यांना आढळला. मात्र गणिताचा मास्तर म्हणून एक इशारा द्यायला हवा. दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असे होत नाही. कदाचित ज्याला मुळात चिंता कमी, त्यालाच स्वतःशी गोड बोलायला सुचत असेल. बहुधा दोन्ही बाजूंनी थोडे थोडे खरे असावे.

आता उरला विचारांचा लवचीकपणा. हा शब्द मला काही फार आवडत नाही, व्यायामशाळेतला वाटतो. पण त्याचे उदाहरण द्यायला मला कुठे लांब जायला नको. श्रोतेहो, या विषयात तुम्ही पदवीधर आहात.

जून कोरडा गेला. मृग गेला, आर्द्राही तशाच चालल्या. तुम्ही मूग-उडदाचे बी घरात आणून ठेवले आहे. जुलैचा मध्य उलटला आणि मग पाऊस पडला. तुम्ही काय करता? ‘मूगच पेरणार’ म्हणून बसता का? नाही. आता मुगाची वेळ गेली हे तुम्हांला ठाऊक असते. बाजरी बघता, तूर बघता, सूर्यफूल बघता. कृषी खात्याची माणसे याला आपत्कालीन पीक नियोजन म्हणतात. मुगाचे वाईट वाटते, बियाण्याचे पैसे अडकले त्याचा राग येतो, पण वावर पडीक ठेवत नाही. जमिनीला ‘तू नालायक’ असेही म्हणत नाही. परिस्थिती बदलली, डाव बदलला, हेतू मात्र तोच, की घरात दाणा यावा. विचारांचा लवचीकपणा म्हणतात तो हाच, याहून वेगळा काही नाही.

मग जो बाप शेतात इतका लवचीक, तो मुलाच्या बाबतीत एकाच पिकावर का अडून बसतो? ‘इंजिनीअरच झाला पाहिजे’, ‘याच वर्षी बढती मिळाली पाहिजे’, ‘पुण्यात फ्लॅट घेतलाच पाहिजे’. मुलगाही ते ऐकत ऐकत वाढतो आणि पुढे बाप बोलायचा थांबला तरी आतून तोच आवाज येत राहतो. मी कोणाला दोष देत नाही. ज्याने एका एकराच्या जिवावर मुलाला शिकवले, त्याला दुसरे पीक परवडणारे नसते, म्हणून तो अडतो. हेही तितकेच खरे.

या दोन गोष्टी, माया आणि मोकळा विचार, अशा एकमेकींचा हात धरून चालतात असे मला दिसते. अनोळखी शहरात रात्री वाट चुकलेल्या माणसावर कोणी ओरडत राहिले, तर त्याला शेजारची गल्लीसुद्धा दिसत नाही. तो त्याच रस्त्याने पुन्हा पुन्हा जातो. ओरडणे थांबले की त्याला पाटी दिसते, उघडे दुकान दिसते, विचारायला माणूस दिसतो. आत ओरडणारा गप्प झाल्याशिवाय दुसरी वाट सुचत नाही. आणि उलट, दुसरी वाट आहे हे एकदा दिसले की आतल्याचे ओरडणेही कमी होते. कोणत्या टोकाने सुरुवात करावी हे ज्याचे त्याने पाहावे.

मी त्या तरुणाला कागदाच्या टोकाने सुरुवात करायला सांगितली, कारण मला दुसरे येत नाही. त्याचे वाक्य त्यालाच कागदावर लिहायला लावले. मग ‘च’ खोडायला लावला. ‘मला हे जमावं अशी माझी फार इच्छा आहे.’ तो म्हणाला, “काका, हे फारच मिळमिळीत झालं.” मी म्हटले, “फार हा शब्द दोनदा लिही, इच्छा कमी करायला कोण सांगतंय?” मग पुढचे वाक्य लिहायला सांगितले, ‘नाही जमलं तर’ इथून. इथे तो अडला. पाच मिनिटे पेन तसेच. नंतर त्याने लिहिले की वाईट वाटेल, साहेब बोलतील, वर्षभराने पुन्हा संधी येईल, किंवा दुसऱ्या विभागात अर्ज करता येईल, किंवा आहे त्या जागी राहून इंग्रजी सुधारता येईल. तीन वाटा निघाल्या. तिन्ही त्याला आधीही ठाऊक होत्या. मी काही जादू केली नाही.

आता एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. विचार बदलल्याने घराचा हप्ता कमी होत नाही. सावकाराचे कर्ज फिटत नाही, कांद्याचा भाव वाढत नाही, कारखान्यातली कपात टळत नाही. ज्याच्या चिंतेचे कारण बाहेर आहे त्याला ‘तू तुझा विचार बदल’ एवढेच सांगणे हा त्याचा अपमान आहे. तिथे पैसा, कायदा, संघटना, शेजार यांचीच गरज असते. पण कर्जाचे ओझे आणि ‘मी कर्जबाजारी, मी मातीमोल’ हे ओझे, ही दोन ओझी आहेत. दुसरे उतरवता आले तर पहिल्याशी झुंजायला हात मोकळे होतात, एवढाच माझा दावा.

आणि चिंता आठवडेच्या आठवडे हटत नसेल, झोप-जेवण गेले असेल, अचानक जीव घाबरून आता मरतो की काय असे वारंवार वाटत असेल, कामावर वा शाळेत जाणे बंद पडत असेल, तर बाकावरचे म्हातारे उपयोगाचे नाहीत. डॉक्टरांकडे जावे. पुष्कळ जिल्हा रुग्णालयांत मनोविकारांचा विभाग असतो. औषध घ्यावे लागले तर मधुमेहाचे घेतो तसे घ्यावे. त्यात कुळाला बट्टा लागत नाही. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ नावाची दूरध्वनी-सेवा सुरू केली आहे. क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येते. पुन्हा सांगतो, एक चार चार एक सहा. जगणे नकोसे वाटते असे कोणी बोलले, थट्टेत जरी बोलले, तरी त्याला एकटे सोडू नका आणि हा क्रमांक लावायला सकाळची वाट पाहू नका. शिक्षकांनी तो वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा, आणि पुसू नये.

आईबापांना मी एक लहान विनंती करीन. आपल्या भाषेत ‘काळजी’ हा शब्द एकच आहे; ‘करणे’ लावले की जीव जाळतो, ‘घेणे’ लावले की जीव राखतो. तुम्ही मुलाची काळजी करता हे तो जाणतो. फोनवर पगारवाढीचे विचारायच्या आधी, ‘काल झोप लागली का’ एवढे विचारा. आणि कधी तरी तुमचे स्वतःचे फसलेले पीक, बुडालेला धंदा, चुकलेला निर्णय त्याला सांगा. बाप कधी हरलाच नाही असे ज्या मुलाला वाटते, त्याला स्वतःचे हरणे कुठे ठेवावे ते कळत नाही.

त्या तरुणाच्या बापाने असे केले, की पोराने स्वतः विचारले, मला नक्की माहीत नाही. पण एक दिवस तो मला सांगत आला, “काका, आमच्या आण्णांनी एकदा बोअर मारली होती, तीनशे फूट, कोरडी गेली. मला आजपर्यंत सांगितलंच नव्हतं.” मी विचारले, “मग?” तो म्हणाला, “मग काही नाही. पुढच्या वर्षी दुसरीकडं मारली म्हणे.” आणि हसला.

साहेबांपुढच्या त्या दिवसाआधीचा रविवार. सकाळी तो कागद घेऊन खाली आला. मला म्हणाला, “तुम्ही साहेब व्हा.” मी बाकावर ताठ बसलो, तो समोर उभा राहिला. बाजूला माळी झाडांना पाणी घालत होता, तोही नळी धरून ऐकू लागला. सुरुवात बरी झाली. पाच-सात मिनिटांनी एका आकड्यापाशी तो अडला. मी त्याच्या तोंडाकडे पाहिले. ते तोंड मला ठाऊक होते, फळ्यापाशी पाहिलेले. माझ्याच छातीत धडधडू लागले. आता सांगून टाकावा का आकडा, असे मनात आले. पण मी बोललो नाही.

त्याने कागद खाली केला, एक श्वास घेतला आणि म्हणाला, “थांबा हं साहेब, हे जरा परत सांगतो.”